स्टीलच्या स्कूबा टाकीतला गंज काढणारे फिरते यंत्र घरी कसे बनवावे

स्कूबाच्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी दाबाने हवा भरलेल्या, स्टीलच्या टाकीला आतून गंज चढतो तो बहुधा पाण्याच्या चार थेंबांमुळे. डुबकीत टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली की व्हॉल्व्हमधून समुद्राचे पाणी आत शिरते, किंवा हवा भरताना व्हॉल्व्हच्या तोंडाशी राहिलेला थेंब हवेबरोबर आत ढकलला जातो. पुढचे काम मीठ आणि दाबाखालची हवा मिळून करतात. हा गंज काढण्याची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे टाकीत खडबडीत खडे आणि पाणी घालून ती आडवी ठेवणे व काही तास सावकाश फिरवणे. त्यासाठी लागणारे यंत्र साधे आहे. कठीण असते ते नंतरचे वाळवणे.

यंत्र बनवण्याआधी टाकीची पात्रता पाहावी. आतला गंज पावडरीसारखा पातळ असेल तर तो निघतो. पण गंजाने भिंतीत खड्डे पाडले असतील तर धातू गेलेला असतो आणि कितीही फिरवले तरी तो परत येत नाही. असे खड्डे किती खोल चालतात हे प्रशिक्षित तपासनिसानेच ठरवावे. गंज धरताना टाकीतला ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून बराच काळ पडून राहिलेल्या टाकीतली हवा चाचणीपुरतीही श्वासात घेऊ नये.

टाकी सावकाश रिकामी करावी, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा आणि हवेचा आवाज थांबल्यावरच तो काढायला घ्यावा. व्हॉल्व्ह नेहमीच्या जोराने सुटत नसेल तर आत अजून दाब आहे असे समजून थांबावे, कारण दाब आटे घट्ट धरून ठेवतो. खालचे रबरी बूटही काढावे. बाहेरचा सर्वांत वाईट गंज अनेकदा त्याच्याच आड सापडतो.

आता सांगाडा. लोखंडी अँगलच्या चौकटीवर दोन समांतर रोलर, टोकांना बेअरिंग लावून, बसवावेत. साधारण १८४ मिमी व्यासाच्या टाकीसाठी ५० मिमी व्यासाचे रोलर घेतल्यास त्यांच्या मध्यांतले अंतर १२ ते १५ सेंमी ठेवावे; त्याहून कमी ठेवल्यास टाकी बाजूला लोळू शकते. एका रोलरला मोटर जोडावी, दुसरा मोकळा फिरू द्यावा. टाकी घसरू नये आणि तिच्यावरचा जस्ताचा थर खरवडला जाऊ नये म्हणून रोलरवर रबरी नळी चढवावी. सायकलची जुनी ट्यूबही चालते. रोलर केसभर जरी तिरके बसले तरी टाकी हळूहळू एका टोकाकडे सरकत जाते, म्हणून तळाशी एक छोटे चाक आडवे लावून तिला अडवावे.

वेगाचा हिशेब नीट करावा, कारण बहुतेक घरगुती यंत्रे इथेच फसतात. या व्यासाची टाकी मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांनी फिरली की खडे भिंतीला चिकटून तिच्याबरोबरच फिरतात आणि घासण्याचे काम थांबते. म्हणून ४० ते ५० फेऱ्या पुरेशा आहेत. टाकीच्या ४० फेऱ्यांसाठी ५० मिमीच्या रोलरला सुमारे १४७ फेऱ्या लागतात. १४४० फेऱ्यांच्या मोटरपासून तिथवर येण्यासाठी जवळजवळ दहास एक असे प्रमाण हवे, जे पुली आणि पट्ट्यांच्या दोन टप्प्यांत जमते. गिअर असलेली मोटर मिळाली तर हा खटाटोप वाचतो. पाव अश्वशक्ती भरपूर होते. पट्ट्यावर जाळी बसवावी, मोटरला अर्थिंग द्यावे आणि जवळच पाणी असल्याने विजेची जोडणी ईएलसीबीमधूनच (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच) घ्यावी.

खडे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिरॅमिकचे, धारदार कडांचे घ्यावेत. ते इतके लहान असावेत की टाकीच्या तोंडातून सहज बाहेर पडतील; ८ ते १० मिमीचे ठीक, त्याहून मोठे दोन-तीन एकदम आले की मानेत अडकतात. वाळू, खिळे, स्क्रू असले काही घालू नये. आम्ल तर मुळीच नको, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन मजबूत स्टीलला ठिसूळ करू शकतो. टाकी निम्मी किंवा त्याहून जराशी कमी भरेल इतके खडे, ते जेमतेम बुडतील इतके पाणी आणि थोडा भांडी घासायचा द्रव पुरतो. तोंडाला रबरी बूच हाताने दाबून बसवावे. व्हॉल्व्ह लावून टाकी कधीही फिरवू नये. पाणी गळू नये म्हणून चौकटीची तोंडाकडची बाजू किंचित उंच ठेवावी.

यंत्र सुरू झाले की कान द्यावा. सलग सळसळ ऐकू आली तर खडे घसरत आहेत आणि काम होत आहे. ठक-ठक आवाज म्हणजे वेग जास्त आहे किंवा खडे कमी पडले आहेत. पातळ गंजाला दोन तास पुरतात, जुन्या थराला आठ-दहा लागू शकतात. दर दोन तासांनी टाकी रिकामी करून आत दिवा सोडून पाहावे. पहिले पाणी विटकरी निघते, नंतरचे करडे होत जाते. ते करडे झाले आणि भिंत सारखी राखाडी दिसली की थांबावे.

आता घाई करावी, आणि तीही मोजून-मापून. एकदा मी धुतलेली टाकी रात्रभर निथळत ठेवली आणि सकाळी आत नारिंगी थर पाहिला. सगळे काम पुन्हा करावे लागले. म्हणून गरम पाणी आधीच तयार ठेवावे. खडे निघाल्यावर साबणाचा अंश जाईपर्यंत टाकी गरम पाण्याने तीन-चार वेळा विसळावी, शेवटचे पाणी हात लावता येणार नाही इतके गरम असावे, म्हणजे तापलेला धातू स्वतःच पाणी उडवतो. लगेच टाकी उलटी टांगून तळापर्यंत जाणाऱ्या नळीने कोरडी, कोमट हवा सोडावी. ती वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची नसावी, कारण त्यात तेलाचा अंश असतो. टाकी गार झाल्यावरही मानेच्या आतल्या वळणात दमटपणा आहे का हे दिव्याने पाहावे. मग आटे स्वच्छ करून नवी ओ-रिंग (हवा गळू न देणारे रबरी कडे) घालावी, व्हॉल्व्ह बसवावा आणि हवा भरण्यापूर्वी टाकी तपासनिसाकडे न्यावी.