"आता कोण प्रार्थना करेल?" म्हटल्यावर सगळे चटईकडे बघतात, तेव्हा

आपल्या ख्रिस्ती लोकांत घरगुती प्रार्थनेचा नवीन ग्रुप सुरू झाला की पहिले काही आठवडे एकच सीन असतो. गाणी झाली, बायबलमधलं वचन झालं, मग जो चालवतोय तो विचारतो, "आता कोण प्रार्थना करेल?" आणि सगळे चटईकडे बघायला लागतात. शेवटी तोच करतो, बाकीचे आमेन म्हणतात, चहा. असं सहा महिने चाललं की एकाचं भाषण आणि बाकीच्यांचा चहा एवढंच उरतं. मी पिंपरी-चिंचवडकडे असे तीन ग्रुप चालवलेत, त्यातला एक बुडाला पण, म्हणून थोडं लिहितोय.

लोक लाजतात कशाला ते आधी बघा. देवाची भीती नसते हो, मराठीची असते. लहानपणापासून आपण चर्चमधल्या पाळकसाहेबांची प्रार्थना ऐकलेली, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन..." आणि डोक्यात फिट्ट बसतं की प्रार्थना म्हणजे हीच भाषा. घरी "अगं पाणी आलं का" विचारणारी बाई एकदम "कृपादान" आणि "सामर्थ्य" कुठून आणणार? त्यामुळे पहिलं काम तुमचं, म्हणजे चालवणाऱ्याचं. तुमची स्वतःची प्रार्थना घरच्या मराठीत करा आणि छोटी करा, मुद्दाम, मध्ये अडखळलात तर अजून चांगलं. तुम्ही छान प्रार्थना केलीत की समोरचा गप्प होतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्यात एक मावशी होत्या, चार महिने नुसत्या आमेन म्हणायच्या. एका गुरुवारी सगळ्यांचे डोळे मिटलेले, आत कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, आणि मावशी म्हणाल्या, "देवा, गुडघा. आमेन." बस. कोणी हसलं नाही. त्याच दिवशी त्यांच्या शेजारी बसलेल्या पोराने पहिल्यांदा तोंड उघडलं, त्याचा बॅकलॉगचा पेपर होता.

पवित्र शास्त्रात तरी कुठे सगळ्या प्रार्थना लांबलचक आहेत. येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा "प्रभूजी, मला वाचवा", तीन शब्द. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराने छाती बडवत एक वाक्य म्हटलं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना मत्तयच्या 6व्या अध्यायात आहे आणि तिच्या जरा आधीच येशू सांगतो की उगाच बडबड करू नका, तुम्हाला काय हवंय ते पित्याला आधीच माहितीये. नवीन ग्रुपला हे एकदा वाचून दाखवा. आणि अजून एक, आपल्याकडे अजून कितीतरी घरांत वडिलांना "अहो बाबा, तुम्ही" म्हणतात पण देवबापाला सगळे "तू" म्हणतो, आईला म्हणतो तसं. हे नुसतं लक्षात आणून दिलं तरी लोक जरा सैल होतात.

सुरुवात बोलण्याने करूच नका, वाचण्याने करा. बायबलमधलं स्तोत्र 136 घ्या. त्यात 26 ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीला "त्याची दया सनातन आहे" हे पालुपद आहे, एकाने ओवी वाचायची, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं, भजनात ध्रुपद धरतात तसं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला स्तोत्र संपल्यावर तसंच पुढे चालू ठेवा, म्हणजे कोणी म्हणायचं "या आठवड्यात पोराचा ताप उतरला", सगळे म्हणणार "त्याची दया सनातन आहे". कोणी म्हणायचं "पगार झाला एकदाचा". लोकांना कळायच्या आत ते मोठ्याने प्रार्थना करत असतात. जे अजिबात बोलत नाहीत ते गातात मात्र, त्यांच्यासाठी नारायण वामन टिळकांच्या एखाद्या भजनाचं ध्रुपद हळू आवाजात तीन-चारदा घ्या आणि मग थांबा.

थांबा म्हणजे खरंच थांबा. शांतता झाली की चालवणारा घाबरून बोलायला लागतो. मनात 20 पर्यंत मोजा. पंख्याचा आवाज ऐकू येईल, ठीक आहे.

गोल फिरून नंबर लावणं मात्र टाळाच. पाचव्या नंबरवर बसलेला माणूस पहिल्या चौघांची प्रार्थना ऐकतच नाही, तो आपलं वाक्य जुळवत बसतो. फिरवायचंच असेल तर आधी सांगून ठेवा की ज्याला करायची नाही त्याने शेजाऱ्याच्या हाताला हात लावायचा, पाळी पुढे गेली, कोणी विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका, नंतर जिन्यात सुद्धा नाही.

चहा आधी द्या. शेवटी ठेवला की यजमान बाईचं अर्धं लक्ष गॅसवर असतं आणि बाकीच्यांचं कपांच्या आवाजावर.

आता विषय, म्हणजे प्रार्थना विनंत्या. इथे फार गाड्या घसरतात. अर्धा तास विनंत्या सांगण्यात जातो, त्यात कोणाची सून काय म्हणाली तेही येतं, आणि प्रार्थनेला उरतात दोन मिनिटं. आम्ही उपाय केला की विनंती सांगितली की लगेच, तिथल्या तिथे, शेजारच्याने एका वाक्यात प्रार्थना करायची, मग पुढची विनंती. गप्पा आपोआप कमी झाल्या. आणि घरात सांगितलेलं घरातच राहिलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. आमचा जो ग्रुप बुडाला ना, तो ह्याच्यावरूनच. एका बहिणीने मुलीच्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं, कोणीतरी चांगल्या मनानेच "कृपया प्रार्थना करा" म्हणून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅपवर टाकलं, रविवारपर्यंत सगळ्या चर्चला माहीत. ती परत आली नाही, हळूहळू बाकीचे पण.

प्रार्थनेतून टोमणे मारणारे पण भेटतात. "प्रभू, आमच्या काही भावांना वेळेवर यायची बुद्धी दे." हसू येतं, पण ज्याच्यासाठी असतं तो पुढच्या वेळी येत नाही. आणि बारा-बारा मिनिटं प्रार्थना करणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना सगळ्यांसमोर अडवायचं नाही, वेगळं भेटून सांगायचं की काका, नवीन लोक तुमच्याकडे बघून गप्प बसतात, तुम्ही शेवटचा एकच विषय घ्या. बहुतेक काका ऐकतात.

ग्रुपमध्ये वसईची कॅथलिक मुलगी असेल तर तिला रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, ठरलेल्या शब्दांची सवय असते, ते शब्द "पाठ केलेले" म्हणून हिणवू नका, एकत्र प्रार्थनेची सवय तिला तुमच्यापेक्षा जास्त आहे. कोणी सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करायची पद्धत असलेल्या मंडळीतून आलेला असतो. त्याला नाक मुरडू नका, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या आध्यात्मिक जागृतीत मुली अशाच एकदम मोठ्याने प्रार्थना करायच्या. लाजाळू माणसाला तर हे सोपं जातं, गलक्यात त्याचं कोणी ऐकत नाही. फक्त आधी कल्पना द्या, नाहीतर नवीन माणूस दचकतो. डोक्यावर, खांद्यावर हात ठेवायच्या आधी विचारा. आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करायला कोणी सांगत असेल तर तिथेच थांबवा.

एक साधी वही ठेवा, शंभर पानी पुरते. तारीख, नाव, विषय, आणि समोर रिकामी जागा. पुढच्या गुरुवारी सुरुवात वहीने करायची, "पेपर कसा गेला रे?" त्या पोराचा निकाल आला तेव्हा त्याने स्वतः वही ओढून घेऊन रिकाम्या जागेत "सुटला" लिहिलं. मावशींच्या गुडघ्यासमोरची जागा अजून रिकामीच आहे, पण तो विषय आता मावशी स्वतःच काढतात.