उसातील खोडकीड: पोंगा वाळल्यावर धावपळ करण्याआधी या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये सुरू हंगामातील (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) उसात मधला पोंगा, म्हणजे कोंबाच्या मधली गुंडाळलेली कोवळी पाने, वाळलेला दिसला, की बहुतेकांचे पाय थेट कृषी सेवा केंद्राकडे वळतात. पण तोवर खोडकिडीची अळी खोडात शिरलेली असते आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ती आवरते ती बाहेर असतानाच, म्हणजे पानामागे अंडी असताना किंवा अंड्यातून निघालेली अळी पानाच्या आवरणाशी कुरतडत असते त्या मोजक्या दिवसांत. पुढच्या बहुतेक चुका ही वेळ हुकल्यामुळेच होतात.

कीड न ओळखताच औषध

वाळलेला पोंगा ओढून पाहा. तो सहज निघाला, बुडाला कुजका वास आला आणि जमिनीलगत खोडावर छिद्र दिसले, तर ती खोडकीड. ओढताना अख्खे बेटच हलून वर आले आणि मुळे खाल्लेली असली, तर हुमणी (जमिनीतली मुळे खाणारी अळी). पोंगा निघत नसेल, पानांवर आडव्या ओळीत छिद्रे आणि मधल्या शिरेत तांबूस रेघ असेल, तर शेंडे कीड. कांड्या धरल्यानंतर छिद्रातून ओला भुसा बाहेर येत असेल, तर कांडी कीड. खोडकिडीचा जोर कांडी धरेपर्यंतच असतो. सहा महिन्यांच्या उसावर तिच्यासाठी खर्च करू नका.

मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातही हीच गल्लत होते. प्रत्येक किडीचा ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, वेगळा असतो. कांडी किडीचा ल्यूर लावून खोडकिडीच्या पतंगांची वाट पाहणे व्यर्थ आहे.

ट्रायकोकार्डचा उपयोग झाला नाही, असे का होते?

ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि दोष बहुधा वापरण्यात असतो. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते; अशी अंडी चिकटवलेला कागद म्हणजे ट्रायकोकार्ड. अळीला ती काहीच करत नाही. म्हणजे पोंगेमर (वाळलेले पोंगे) शेतभर दिसल्यावर कार्ड लावले, तर त्या अळ्या तशाच राहणार. लागणीनंतर महिना-दीड महिन्यापासून, पतंग दिसू लागताच, एकरी 2 ते 3 कार्ड लावा आणि दर 10 दिवसांनी नवी कार्डे लावत राहा. पतंग एकाच दिवशी अंडी घालून थांबत नाहीत, म्हणून एकदाच लावलेले कार्ड पुरत नाही.

कार्ड दुचाकीच्या डिकीत तापवून आणले, तर आतले जीव शेतात पोचण्याआधीच मरतात. पट्ट्या कापून, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. मुंग्यांवर नजर ठेवा, त्या कार्डावरची अंडी पळवतात. आणि कार्ड लावण्याच्या आगेमागे आठवडाभर कीटकनाशक फवारू नका. स्वतःच सोडलेला मित्रकीटक स्वतःच मारण्याइतके नुकसानीचे दुसरे काही नाही.

पोंगा उपटून बांधावर टाकणे

अळी बहुधा बुडातच राहते. कोंब छिद्राच्या खालून, जमिनीलगत विळ्याने कापा आणि अळीसकट नष्ट करा. बांधावर टाकलेल्या कोंबातून पतंग निघून पुन्हा त्याच उसावर येतात.

औषधाचा अतिरेक

सुरुवातीचे थोडे कोंब गेले, तरी ऊस नवे फुटवे काढून भरपाई करतो. पोंगेमर साधारण 15 टक्के कोंबांपर्यंत पोचू लागली, तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एकरी 150 मिली, 400 लिटर पाण्यातून बुंध्याशी आळवणी करा (मुळाशी ओता) आणि हलके पाणी द्या. कोरड्या सरीत औषध मुळापर्यंत जात नाही. फोरेटवर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, घरात जुनी पिशवी असली तरी ती वापरू नका.

मशागतीकडे दुर्लक्ष

मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण याला फारसे पैसे लागत नाहीत. सुरू लागण लांबवून फेब्रुवारीच्या पुढे नेली, तर कोवळा ऊस नेमका कडक उन्हात सापडतो. ऊन आणि कोरडी जमीन खोडकिडीला मानवते. पाचटाचे आच्छादन करा, पाण्याच्या पाळ्या वेळेवर द्या. दीड महिन्याच्या सुमारास बाळबांधणी (पहिली हलकी भर) करून बुंध्याला माती लावली, तर अळीची शिरायची जागा झाकली जाते. मका किंवा ज्वारीचे आंतरपीक नको, खोडकीड त्यांच्यावरही जगते. कांदा, हरभरा चालतो.

पुढे कांडी किडीसाठी नत्राचा अतिरेक, लोळलेला ऊस आणि साचलेले पाणी टाळा; पाचव्या आणि सातव्या महिन्यात खालचा वाळलेला पाला काढा. अशा उसातून बेणे निवडताना छिद्र असलेली टिपरी (लागणीसाठी तोडलेले उसाचे तुकडे) बाजूला काढा, नाहीतर कीड बेण्याबरोबर नव्या प्लॉटमध्ये जाते.