बेडरूममधला गेमिंग पीसी, हॉलमधला लॅपटॉप: आधी वायर ओढा

गेमिंग पीसी बेडरूममध्ये, आणि खेळायचंय हॉलमध्ये सोफ्यावर, जुन्या लॅपटॉपवर. हे काम मी आधी स्वतःच्या घरी केलं आणि नंतर भावाच्या, मित्रांच्या घरी बरेचदा. जाईन तिथे कुणीतरी एक सल्ला आधीच देऊन ठेवलेला असतो: "इंटरनेटचा प्लॅन वाढव, लॅग जाईल." कृपा करून वाढवू नका. गेम चालतो पीसीवरच, लॅपटॉपवर फक्त त्याचं चित्र येतं. ते पीसीवरून राउटरकडे आणि राउटरवरून लॅपटॉपकडे जातं, घराबाहेर पडतच नाही. आमच्याकडे फायबर तुटली होती तेव्हाही मी अख्खी संध्याकाळ असाच खेळलो होतो.

पीसीवर सनशाइन टाका, ते चित्र पाठवतं. लॅपटॉपवर मूनलाइट, ते चित्र दाखवतं. दोन्ही फुकट आहेत. जुने लेख अजून चित्र पाठवायला एनव्हिडियाचं गेमस्ट्रीम चालू करायला सांगतात. ते २०२३ साली बंद झालं, तेव्हा तो पर्याय शोधत बसू नका. सगळे गेम स्टीमवरच असतील तर स्टीमचं रिमोट प्लेही चालतं. मी मात्र मूनलाइटच वापरतो, कारण चित्र अडखळलं तर ते नेमकं कुठे अडखळलं हे मूनलाइट आकड्यांत दाखवतं.

मूनलाइटमध्ये पीसीचं नाव दिसेल. त्यावर क्लिक केलं की चार आकडी पिन येतो, तो पीसीच्या ब्राउझरमध्ये सनशाइनचं पान उघडून तिथे भरा. झालं. पीसी दिसलाच नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: इंटरनेटवाल्याने बसवलेला डबा वेगळा, तुम्ही आणलेला राउटर वेगळा, आणि पीसी एकाला तर लॅपटॉप दुसऱ्याला जोडलेला. दोन्ही एकाच राउटरवर आणा. 'गेस्ट' नावाच्या वायफायवर तर अजिबात जाऊ नका.

आता खरं काम. यात माझे दोन-तीन महिने गेले.

गेम सुरू व्हायचा, चित्र झकास दिसायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने एक हिसका बसायचा. गाडी वळणावर असताना चित्र थिजायचं आणि सुटायचं तेव्हा गाडी भिंतीत. मी बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) कमी केला, रिझोल्यूशन उतरवलं, ड्रायव्हर तीनदा टाकले. फरक शून्य. शेवटी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पीसीच्या आयपी पत्त्याला (नेटवर्कवरच्या नंबराला) सलग पिंग लावून ठेवला आणि नुसता बघत बसलो. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. ३ मिलिसेकंद, २, ३, ३, २, १५०, ३, २. तो १५० आला की हिसका.

सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, खेळात एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. म्हणजे १५० चा एक खोळंबा नऊ फ्रेम खातो. सरासरी वेग कितीही असो, नऊ फ्रेम गेल्या त्या गेल्या. म्हणून स्पीड टेस्टचा आकडा इथे बघूच नका. पिंग किमान पाच मिनिटं चालू ठेवा आणि त्यातला सर्वांत वाईट आकडा बघा.

माझ्याकडे पीसी आणि लॅपटॉप, दोन्ही वायफायवर होते. वायफायवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघंही हवेतून बोलत असतील तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो: आधी पीसीकडून राउटरला, मग राउटरकडून लॅपटॉपला. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, २.४ गिगाहर्ट्झवरचं ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह. शिवाय लॅपटॉपचं वायफाय कार्ड अधूनमधून दुसरी नेटवर्क शोधायला स्वतःचं चॅनल सोडून जातं.

म्हणून माझं मत ठाम आहे: निदान पीसी तरी लॅन केबलने राउटरला जोडा. लॅपटॉप वायफायवर राहिला तरी चालेल, पण ५ गिगाहर्ट्झवर, आणि राउटर शक्यतो त्याच खोलीत. बारा अँटेनांचा 'गेमिंग राउटर' घेऊ नका, त्या पैशांत केबल येऊन बरेच पैसे उरतात.

"भिंती फोडायच्या का?" असं सगळे विचारतात. आमच्याकडे जुन्या टीव्ही केबलचा पाइप भिंतीतून हॉलपर्यंत गेलेला होता. बेडरूमच्या बाजूला जुन्या केबलच्या टोकाला लॅन केबल इन्सुलेशन टेपने घट्ट बांधली, टेप टोकाकडे निमुळता गुंडाळला, आणि हॉलमधून जुनी केबल ओढत गेलो. आई बेडरूममध्ये लॅनचं भेंडोळं हळूहळू ढिलं सोडत होती. एका वळणावर अडकलं. तिथे जोर लावू नका. थोडं मागे घ्या आणि पुन्हा ओढा. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र लॅन कधीही नेऊ नका. त्यात जिवाला धोका आहे.

केबल घेताना एक करा: टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. एका दुकानदाराने मला तसली केबल 'कॅट सिक्स' (लॅन केबलचा एक दर्जा) म्हणून दिली होती. दोनदा वाकवल्यावर तार आतल्या आत तुटली.

केबलला जॅक क्रिम्प करताना (दाबून बसवताना) दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलवरचा वेग, बघा. १००० एमबीपीएस हवा. १०० दिसला आणि राउटरचं पोर्ट गिगाबिटचं असेल, तर आठांपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. "चालतंय ना" म्हणून सोडू नका, जॅक कापून पुन्हा मारा. मी पहिल्या दिवशी चार जॅक वाया घालवले.

पुन्हा पिंग लावा. लॅपटॉप वायफायवर असून अजून ठरावीक अंतराने उंच आकडे येत असतील, तर विंडोजमध्ये लोकेशन बंद करून बघा, मॅकवर एअरड्रॉप बंद करा.

मूनलाइटच्या सेटिंग सोप्या आहेत: १०८०पी, ६० फ्रेम, बिटरेट २० एमबीपीएस. बिटरेटचा काटा शेवटपर्यंत सरकवायचा मोह टाळा. खेळताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की कोपऱ्यात आकडे येतात. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम वाढत असतील तर वायफायकडे बघा. डिकोडिंगचा (आलेल्या डेटाचं चित्र बनवण्याचा) वेळ १६ मिलिसेकंदांच्या वर गेला तर लॅपटॉप दमलाय, तिथे ७२०पी करा.

कंट्रोलर लॅपटॉपला जोडा, पीसीला नाही. पीसीचा मॉनिटर काढून ठेवला असेल तर चित्रच येत नाही. त्यासाठी मॉनिटर जोडलाय असं पीसीला भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, तो ग्राफिक कार्डाला लावून ठेवा. पीसी स्लीपमध्ये जाणार नाही हेही बघा.

उठताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, क्यू. याने फक्त लॅपटॉपवरचं चित्र सुटतं, गेम पीसीवर चालूच राहतो. तो मूनलाइटमधूनच 'क्विट' करा, नाहीतर बेडरूममध्ये ग्राफिक कार्ड रात्रभर तापत राहील.