पावसाळ्याआधी पोटाची तयारी

आधीच सांगते, नाक गळायला लागल्यावर वाटीभर दही खाऊन व्हायरस पळत नाही, पावसाळ्यात सर्दी-खोकला कमी व्हावा म्हणून पोटातले चांगले बॅक्टेरिया सांभाळणं हे रोजचं काम आहे आणि मे महिन्यातच सुरू करायचं. आतड्यातले बॅक्टेरिया फायबर आंबवून ब्युटिरेटसारखी अॅसिड्स बनवतात, त्यांचा परिणाम पार फुप्फुसातल्या इम्युनिटीपर्यंत जातो, उंदरांवरच्या फ्लूच्या प्रयोगात हे दिसलंय. माणसांचं म्हणाल तर कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) 2022 मध्ये 23 ट्रायल्स एकत्र तपासल्या, प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला चांगले जिवंत बॅक्टेरिया) घेणाऱ्यांना सर्दी-खोकला जरा कमी झाला, पण पुरावा भक्कम नाही, आणि तिथे ठरावीक स्ट्रेन्स (बॅक्टेरियाचे नेमके उपप्रकार) होते, आपल्या विरजणात नेमकं कोण बसलंय ते कोणाला ठाऊक!

तरी दही घरीच लावा. दूध उकळून बोट बुडवलं तर चटका बसणार नाही इतकं कोमट करायचं, चमचाभर विरजण नीट ढवळायचं, थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवायचं. थंडगार नको वाटत असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा किंवा ताक करा, पण कढी उकळली की बॅक्टेरिया मेले, इडलीचंही तेच (म्हणून कढी सोडायची नाही हं, चवीसाठी खायचीच). दह्यातले पाहुणे बहुतेक दोन-चार दिवसांत निघून जातात म्हणून रोज हवं, आणि खरं घर सांभाळतात ते आधीपासून राहणारे, त्यांना ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, कच्चा कांदा, लसूण लागतं. नुसतं दही आणि सोबत मैद्याची बिस्किटं, तर काय उपयोग.

कॅप्सूल घेणार असाल तर लेबलवर स्ट्रेनचं पूर्ण नाव आणि एक्सपायरी बघा. गोड प्रोबायोटिक ड्रिंकमध्ये साखर किती तेही बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणं, व्हायरसला त्याने काही होत नाही आणि पोटातली चांगली मंडळी मात्र साफ होतात. डॉक्टरांनीच दिलं असेल तर कोर्स पूर्ण करा, प्रोबायोटिक आणि गोळीत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हे प्रोबायोटिक दिलं तेव्हा सेप्सिस (अंगभर पसरणारं जिवावरचं इन्फेक्शन) आणि मृत्यू मिळून 40 टक्के घटले, श्वसनाचे इन्फेक्शनही घटले, 2017 मध्ये ते छापून आलं. पण ती ट्रायल होती, त्यामुळे बाळ, विशेषतः अपुऱ्या दिवसांचं, किंवा घरात किमो चालू असलेलं कोणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. धाप लागली तर दही-बिही बाजूला, सरळ दवाखाना गाठा.