ब्लिट्झमध्ये रेटिंग जागचं हलत नाही? या चुका टाळा

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडायची, चौथी सीट मिळाली तर नशीब, नाहीतर दाराजवळच्या पार्टिशनला पाठ टेकून उभं राहायचं आणि मोबाइलवर बुद्धिबळाचा पट उघडायचा. दादर येईपर्यंत ब्लिट्झचे, म्हणजे प्रत्येकाला तीनच मिनिटं असलेले, सात-आठ डाव आरामात होतात. दोन वर्षं मी रोज हेच केलं. काही हजार डाव झाले असतील, आणि रेटिंग (हार-जितीवरून ठरणारे गुण) जिथल्या तिथे. उलट सणासुदीला थोडं घसरायचं, कारण सुट्टी म्हणून जास्त खेळायचो.

आमच्या मजल्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे. एका रविवारी त्याने माझा हरलेला डाव लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरच्या विश्लेषणात उघडला आणि म्हणाला, "काका, चाली नंतर बघू. आधी घड्याळ बघू." तिथे प्रत्येक चालीला किती वेळ लागला याचा आलेख मिळतो, तोही फुकट. माझ्या आलेखात नवव्या चालीवर एक उंच खांब उभा होता, ४१ सेकंदांचा. किल्लेकोट करावा की आधी एच३ घरावर प्यादं ढकलावं, यावर मी मुंबई विद्यापीठाचा पेपर सोडवल्यासारखा विचार केला होता. दोन्ही चाली चांगल्याच होत्या. शेवटी हत्ती जास्त असूनही माझं घड्याळ संपलं. "हरलात चाळिसाव्या चालीला, पण वेळ गेला नवव्या चालीला," तो म्हणाला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की आपली बोटं मंद नसतात. जे आधीच माहीत असायला हवं होतं, ते आपण पटावर बसून शोधत असतो, आणि सगळा वेळ तिथे जातो.

आणखी वेगात खेळून वेग येईल, असं समजणं

ब्लिट्झ जमत नाही म्हणून लोक बुलेट, म्हणजे त्याहून कमी वेळाचे डाव, खेळायला जातात. बुलेट हा चखणा आहे, त्यावर पोट भरू नये. निव्वळ तीन मिनिटांऐवजी ३+२ लावा, म्हणजे प्रत्येक चालीला दोन सेकंद परत मिळतात. चाळीस चालींच्या डावात ही ८० सेकंद होतात, आणि जिंकलेला डाव नुसत्या घड्याळावर जाणं बरंच थांबतं. जागतिक ब्लिट्झ स्पर्धासुद्धा ३+२ वरच खेळतात. आठवड्यातून दोन-तीन डाव १५+१० चे खेळा. जागतिक रॅपिड स्पर्धेचा (रॅपिड म्हणजे ब्लिट्झपेक्षा संथ डाव) वेळ तोच आहे. वयाचं कारण देणाऱ्यांसाठी सांगतो, विश्वनाथन आनंद २०१७ मध्ये जागतिक रॅपिड विजेता झाला तेव्हा ४८ वर्षांचा होता.

दर आठवड्याला नवीन ओपनिंग

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. रील बघून सापळा पाठ करायचा, दोन दिवस जिंकायचं, तिसऱ्या दिवशी समोरच्याने वेगळी चाल केली की डोकं खाजवत बसायचं. माझी कसोटी सोपी आहे. तीन मिनिटांच्या डावात पहिल्या दहा चालींना तीस सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर गळती ओपनिंगमध्ये आहे. पांढऱ्याने मी लंडन सिस्टिम ही एकच ओपनिंग खेळतो. काळ्याने समोरून वजिराचं प्यादं येवो की राजाचं, माझी सी६ आणि डी५ ही प्यादी ठरलेली. राजाच्या प्याद्यासमोर त्याला कारो-कान म्हणतात, वजिराच्या प्याद्यासमोर स्लाव; पण सांगाडा जवळपास तोच, त्यामुळे सोंगट्या कुठे बसवायच्या हे विचारावं लागत नाही. कंटाळवाणं आहे, मान्य.

डोळे मिटून प्रीमूव्ह

समोरच्याची चाल येण्याआधीच आपली चाल लावून ठेवणं म्हणजे प्रीमूव्ह. मला याची चांगलीच अद्दल घडली. पांढऱ्याने डी४ खेळलं, मी जी६, आणि पुढची चाल 'ठरलेलीच' म्हणून उंट जी७ वर प्रीमूव्ह करून ठेवला. समोरच्याने उंट थेट एच६ वर आणून ठेवला. एरवी तो फुकटचा उंट. मी घोड्याने किंवा उंटाने सहज मारला असता. पण माझा उंट आपोआप जी७ वर गेला, समोरच्याच्या उंटाने तो मारला, आणि कोपऱ्यातला हत्तीही त्याच उंटाच्या माऱ्यात. तिसऱ्या चालीला उंट आणि हत्ती गेले. शेजारचा प्रवासी माझा चेहरा बघून "काय झालं, घरचा फोन का?" म्हणाला.

आता प्रीमूव्ह फक्त दोनच ठिकाणी: समोरच्याने सोंगटी मारली तर परत मारायलाच लागणार असेल तेव्हा, किंवा समोर नुसता राजा उरलाय आणि माझी चाल कशीही सुरक्षित आहे तेव्हा. बाकी वेळी त्याची चाल आली की एकच प्रश्न विचारायचा: या चालीने आता कशावर मारा आला? एक सेकंद लागतो, आणि घोडे फुकट जाणं निम्म्यावर येतं.

'हा शेवटचा डाव'

हरल्यावर 'पुन्हा खेळा'चं बटण बोटाखालीच असतं. लागोपाठ दोन हरलो की मी ॲप बंद करतो आणि घाटकोपरपर्यंत खिडकीबाहेर बघतो. कधीकधी मोडतोही हा नियम. मोडला की पन्नास गुण जातात. बदला घेण्यापेक्षा हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) न लावता एकदा उलगडा, जिथे चाल चुकली असं वाटतं तिथे खूण करा, मग इंजिन लावा. दहा मिनिटांचं काम आहे. दहा डाव खेळून त्यातला एकही न बघण्यापेक्षा तीन खेळून एक बघणं माझ्या तरी पदरात जास्त टाकून गेलं.

कोडी अंदाजाने ठोकणं

पझल रश किंवा पझल स्टॉर्म हे घड्याळ लावून भराभर कोडी सोडवायचे गमतीचे प्रकार आहेत, पण तिथे 'शह दिसतोय ना, दे' ही सवय लागते. रोज दहा कोडी घड्याळाशिवाय, शेवटपर्यंत मनात मोजून सोडवा, मगच स्टॉर्म.

जिंकलेला डाव मात करता न येणं

वजीर आणि राजा विरुद्ध एकटा राजा: कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त दहा चालींत मात होते. हत्तीने सोळा. तरीही घाईत वजीर असा ठेवतो की समोरच्याच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, झाली बरोबरी. कॉम्प्युटरविरुद्ध घड्याळात वीस सेकंद ठेवून ही मात रोज दोनदा करा, आठवड्याभरात हाताला बसते. प्यादं पुढे नेताना आपोआप वजीर होण्याचं सेटिंगही चालू ठेवा, नाहीतर ऐन वेळी कोणती सोंगटी हवी याची यादी उघडते.

राहता राहिलं नेटवर्क. आमच्या गाडीत कुर्ल्याच्या आसपास ते हमखास झोपतं आणि घड्याळ मात्र पळत राहतं. त्यामुळे मुलुंड गेलं की मी नवीन डाव सुरू करत नाही, त्या वेळात कोडी सोडवतो.