मारामारीच्या पिक्चरला लहान पोर नेताय? आधी हे बघा

मी डोअरकीपर. आधी लालबाग-परळकडच्या जुन्या थिएटरात हातात बॅटरी घेऊन, आता उपनगरातल्या मल्टिप्लेक्सच्या दारात. आत पडद्यावर कोयते चाललेत आणि बाहेरून कडेवर पोर घेऊन माणसं येतायत, हे नेहमी बघतो, म्हणून लिहितोय.

तिकीट काढण्याआधी पिक्चरच्या नावाशेजारचं सर्टिफिकेट वाचा. 'ए' असेल तर विषयच संपला. अठराच्या खालच्याला आत सोडता येत नाही, आईबाप सोबत असले तरीही. "अहो, तो मोबाइलच बघत बसेल" म्हणून दारात हुज्जत घालू नका, कायदा काही मी केलेला नाही.

खरी गोची 'यूए'ची. 2024 पासून त्याचे तीन भाग झालेत: 7+, 13+ आणि 16+. पण हे आकडे पालकांना सल्ला म्हणून आहेत. 16+ पिक्चरला तुम्ही पाच वर्षांची मुलगी आणलीत तरी मी तिकीट बघून आत सोडणार. तिथे राखण तुमची तुम्हीच करायची. सर्टिफिकेट पडद्यावर सुरुवातीला दाखवतात खरं, पण तोवर पॉपकॉर्नसुद्धा घेऊन झालेले असतात.

पिक्चर बघून आलेल्या शेजाऱ्याला "कसाय?" विचारू नका, तो "एक नंबर" म्हणणार. विचारा: रक्त जवळून दाखवलंय का? लहान मुलाला मारतात का? आई किंवा बाबा मरतात का? माझ्या बघण्यात, हाणामारीला हसणारी पोरं पडद्यावरची आई मेली की रडायला लागतात.

ट्रेलर बघा, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐका. लोक आवाज विसरतात. मूल डोळ्यांवर हात ठेवेल, आईच्या ओढणीत तोंड लपवेल, पण तो दणका सीटमधून अंगात शिरतो. "झोपलंय हो ते" म्हणणारे पहिल्या गोळीबारालाच बाहेर येतात.

तरीही नेलंतच, तर पॅसेजच्या कडेची सीट घ्या, स्पीकरच्या भिंतीपासून लांब. मूल रडेल याची वाट बघू नका. पुन्हापुन्हा "शू लागली" म्हणणं, पाय वर घेऊन बसणं, "संपला का?" विचारणं, हेच घाबरल्याचं सांगणं असतं. लगेच उठा, इंटरव्हलपर्यंत ताणू नका. तिकिटाचे पैसे बसून राहिलात तरी परत मिळत नाहीत. लॉबीत उजेडात आणा, पाणी द्या, काय दिसलं ते त्याला सांगू द्या. "घाबरट कुठला!" तर अजिबात नको. "खोटं असतं ते" हेही लगेच नको, चार वर्षांच्या पोराला ते कळत नाही. आणि शांत झालं म्हणून परत आत नेऊ नका. हा प्रकार मी फार बघतो, आणि दुसऱ्यांदा बाहेर येताना मूल आधीपेक्षा जास्त रडत असतं.

तुम्हाला बघायचाच असेल तर पाळी लावा: एकाने तीनचा शो, दुसऱ्याने सहाचा. नाहीतर ओटीटीवर येईपर्यंत थांबा. तिथे 13+ आणि त्यापुढच्या पिक्चरना पालकांचं लॉक लावता येतं. फक्त पिन पोराच्या वाढदिवसाचा ठेवू नका.