ताट लहान केलं आणि कटकट गेली

आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या घरी जेवण म्हणजे भाताचा डोंगर, वर हुमण (माशाची आमटी) आणि सासूबाईंचं ‘आणखी थोडं घे रे’. मुलगा अर्धं ताट टाकायचा आणि तासाभरात चिप्स मागायचा.

आधी ताट बदललं. मोठ्यांचं काढून नाश्त्याची थाळी दिली. उकड्या तांदळाचा भात त्याच्याच मुठीएवढा, बांगड्याचा तुकडा त्याच्या तळव्याएवढा, उरलेल्या निम्म्या थाळीत तांबडी भाजी (लाल माठ), काकडी. पुन्हा हवं तर मिळेल, पण जरा थांबून. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात. काय आणि कधी हे आम्ही ठरवायचं, किती ते त्यानं. हे मुलाला लगेच पटलं, सासूबाईंना पटवताना मात्र घाम फुटला!

चिप्सवर बंदी नाही, फक्त घरात साठा ठेवत नाही. संध्याकाळी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंड्याची पोई (गोव्याचा पाव) आणि केळं. शुक्रवारच्या बाजारात भाजी तोच निवडतो, त्यामुळे ती पोटातही जाते. भेंडीला अजून हात लावत नाही. मीही तो विषय काढत नाही.